सर्पगंधेचे मूळ आणि माणसाचे मन

इंदूरच्या कृषी महाविद्यालयाचे नाव निघाले की माळव्यातील शेतकऱ्याला कापूस, गहू आणि सोयाबीन यांची आठवण होते. परंतु हे महाविद्यालय जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाच्या अखत्यारीत असताना तेथे एका निराळ्याच वनस्पतीचे सुधारलेले वाण तयार झाले, ही गोष्ट शहरातील फार थोड्यांना ठाऊक असेल. त्या वाणाचे नाव 'आर. एस. १' आणि ती वनस्पती म्हणजे सर्पगंधा. गुडघ्याएवढे उंच झुडूप, पांढरी फुले, त्यांचे तांबूस देठ आणि पिकल्यावर काळसर जांभळी होणारी लहान फळे. वाटेने जाणारा माणूस थांबून पाहील असे तिच्या रूपात काही नाही. तिचे सारे मोल जमिनीखाली आहे. लागवडीनंतर सुमारे दीड वर्षाने तिचे वेडेवाकडे मूळ खणून काढतात आणि त्या मुळाच्या सालीत तिचे औषधी द्रव्य सर्वांत अधिक असते. इतके दिवस शेत अडकून पडू नये म्हणून ओळींच्या मधून खरिपात सोयाबीन आणि रब्बीत लसूण किंवा कांदा घेण्याची पद्धत इंदूरच्या हवामानाला मानवते.

लसणाच्या शेजारी वाढणाऱ्या या मुळाने विसाव्या शतकाच्या मध्यास साऱ्या जगातील वैद्यकाला एक मोठा प्रश्न विचारावयास लावला. मनुष्याचा आनंद, त्याची खिन्नता, त्याचे भ्रम, त्याची काम करण्याची उमेद, एवढेच नव्हे तर हात उचलण्याची त्याची इच्छा, या साऱ्यांना मेंदूतील काही रसायनांचा आधार आहे काय? आणि असल्यास औषधाने ती रसायने कमीअधिक करून मनुष्याचे वागणे बदलता येईल काय?

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतला नाही. एखाद्या घरातील कर्ता मुलगा महिनाभर दुकानात जात नाही, कोणाशी बोलत नाही, रात्र रात्र जागतो. घरातील एक माणूस म्हणतो, "हे सारे मनाचे खेळ आहेत. जरा मन घट्ट केले की होईल बरा." दुसरा कोठेतरी वाचून सांगतो, "त्याच्या मेंदूतले सिरोटोनिन कमी झाले आहे. गोळीने ते भरून निघाले की काम झाले." पहिल्याचे ऐकून मुलगा औषध सुरूच करीत नाही. दुसऱ्याचे ऐकून तो ते सुरू करतो, पण पंधरवड्यात काही भरून निघाल्याचे जाणवले नाही म्हणून बंद करतो. दोन्ही वाटा एकाच खड्ड्याकडे जातात. या दोन्ही समजुतींत काय उणे आहे, ते सर्पगंधेच्या इतिहासावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या कशावरून होत असेल.

मराठीत या वनस्पतीला हरकी, अडकई अशीही नावे आहेत. सर्पदंशावर आणि तापावर तिचा उपयोग जुने वैद्य करीत असत. बिहारकडील लोकांनी तर तिला 'पागल की दवा' असेच नाव देऊन टाकले होते. चित्त बिथरलेल्या माणसाला या मुळाचे चूर्ण दिले असता तो शांत होतो व झोपी जातो, हा तेथील पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव होता. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी हा अनुभव आधुनिक वैद्यकाच्या भाषेत मांडला. उन्माद आणि वाढलेला रक्तदाब या दोहोंवर हे मूळ गुणकारी असल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमाँ सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळातून काही द्रव्ये शुद्ध स्वरूपात वेगळी केली. त्यांतील एकाला हकीम अजमलखान यांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' हे नाव मिळाले. मात्र चित्त शांत करणारे द्रव्य ते नव्हते. पुढे कलकत्त्यातच रामनाथ चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनी या मुळाच्या गुणांची पद्धतशीर परीक्षा केली.

त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा मुंबईचा. के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाब वाढलेल्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन आपली निरीक्षणे १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकात छापली. तो लेख वाचून पाश्चात्त्य डॉक्टरांचे लक्ष या मुळाकडे वळले. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेतील प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला. दरम्यान १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सीबा या औषध कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी मुळातील शामक द्रव्य शुद्ध रूपात हाती घेतले. त्याला त्यांनी 'रिसर्पीन' हे नाव दिले. १९५४ साली न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड येथील मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते आपल्या रुग्णांवर वापरून अनुभव प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षे आरडाओरड करणारे, अंगावर धावून येणारे कित्येक रुग्ण त्याने शांत झाले. पॅरिसमध्ये १९५२ सालापासून क्लोरप्रोमझीन नावाचे दुसरे एक औषध हेच कार्य करू लागले होते. ज्या रुग्णांना तोवर साखळदंड, कोंडलेली खोली किंवा विजेचा झटका यांवाचून उपाय नव्हता, त्यांच्यासाठी प्रथमच एक गोळी हाती आली.

औषध लागू पडते हे कळले. परंतु ते मेंदूत नेमके काय करते? हे समजण्यासाठी मेंदूतील कारभाराची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

मनुष्याच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. एका पेशीतून जाणारा संदेश विजेच्या लहरीसारखा धावतो, पण पेशीच्या टोकाशी येऊन तो थांबतो, कारण पुढील पेशी आणि ही पेशी यांच्यामध्ये अतिसूक्ष्म फट असते. ही फट ओलांडण्याचे काम बहुतेक ठिकाणी रसायनांकडे असते. पेशीच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्या भरून ठेवलेल्या असतात. लहर येऊन पोहोचली की त्या पिशव्या फटीत रिकाम्या होतात. रसायनाचे कण पलीकडे जाऊन दुसऱ्या पेशीवरील ठरावीक जागी बसतात. या जागांना ग्राहक म्हणतात. कुलपात किल्ली बसावी तसा कण ग्राहकात बसला की पलीकडच्या पेशीचे काम सुरू होते, मंदावते किंवा थांबते. काम झाल्यावर कण फटीत पडून राहू नयेत म्हणून पहिली पेशीच त्यांना पुन्हा आत ओढून घेते व पिशवीत भरते. आत जे कण मोकळे राहतात त्यांचा नाश करणारे एक पाचकद्रव्यही तेथे असते.

अशा संदेशवाहक रसायनांपैकी दोन आज घरोघरी ऐकू येतात, सिरोटोनिन आणि डोपामाइन. सिरोटोनिन प्रथम १९४८ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे रक्तद्रवातून वेगळे करण्यात आले. ते रक्तवाहिन्या आकुंचित करते एवढेच तेव्हा ठाऊक होते. १९५३ साली बेटी ट्वॅरॉग आणि अर्विन पेज यांनी ते मेंदूतही असल्याचे दाखविले. वास्तविक शरीरातील बहुतेक सिरोटोनिन मेंदूत नसून आतड्यांत असते. मेंदूत ते बनविणाऱ्या पेशी अवघ्या काही लाख आहेत, पण त्यांच्या शाखा मेंदूच्या जवळजवळ प्रत्येक भागात पसरलेल्या आहेत. झोप, भूक, मनाचा कल, वेदना, चिडखोरपणा या साऱ्यांवर त्यांचे वजन पडते. डोपामाइन बनविणाऱ्या पेशीही संख्येने अशाच थोड्या आहेत. हालचाल, प्रेरणा, एखादी गोष्ट मिळविण्याची ओढ आणि अनुभवातून शिकणे ही त्यांच्याशी जोडलेली कामे होत.

आता पुन्हा सर्पगंधेकडे वळू. १९५५ साली अमेरिकेतील बेथेस्डा येथे बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत असे आढळले की, प्राण्यांना रिसर्पीन दिल्यावर त्यांच्या मेंदूतील सिरोटोनिनचा साठा झपाट्याने घटतो. प्राणी सुस्त होतो, आणि साठा पुन्हा भरेपर्यंत ही सुस्ती टिकते. यामागील कारण पुढील संशोधनाने उलगडले. रसायन पिशवीत भरण्यासाठी पेशीजवळ जो छोटा पंप असतो तो रिसर्पीन निकामी करते. पिशव्या भरत नाहीत, उघडे पडलेले रसायन पाचकद्रव्याच्या तावडीत सापडते, आणि लहर आली तरी फटीत सोडण्यासारखे काही उरत नाही. कोठीचे दारच बंद झाल्यावर अंगणात पडलेले धान्य पाखरांनी खाऊन टाकावे, तशी ही स्थिती होय.

ब्रोडी यांच्याकडे काही महिने काम करून स्वीडनला परतलेल्या आर्विड कार्लसन यांना मात्र एक शंका आली. हा पंप एकट्या सिरोटोनिनचा नसून इतर रसायनांचाही असला तर? १९५७ साली त्यांनी सशांना रिसर्पीन दिले. ससे कान पाडून निश्चल पडले. मग त्यांना सिरोटोनिन ज्यापासून बनते तो पदार्थ टोचला. ससे उठले नाहीत. त्यानंतर दुसऱ्या सशांना डोपामाइन ज्यापासून बनते तो 'डोपा' नावाचा पदार्थ टोचला. थोड्याच वेळात ससे कान उभारून इकडे तिकडे धावू लागले. मेंदू तपासून पाहता त्यात डोपामाइन परत आलेले आढळले. तोवर डोपामाइन हा दुसऱ्या एका रसायनाच्या घडणीतील केवळ मधला टप्पा समजला जात होता. ते स्वतंत्र संदेशवाहक आहे आणि हालचालीचा भार त्याच्यावर आहे, हे या सशांनी दाखवून दिले. या कामाबद्दल कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

रिसर्पीनने ताठरलेला, हालचाल मंदावलेला प्राणी पाहून डॉक्टरांना कंपवाताचे रुग्ण आठवले. मोठ्या मात्रेत रिसर्पीन घेणाऱ्या माणसांच्या हातालाही तसाच कंप सुटत असे. १९६० साली व्हिएन्ना येथे ओलेह हॉर्निकेविच यांनी कंपवाताने मृत्यू पावलेल्यांचे मेंदू तपासले, तेव्हा हालचालीशी संबंधित भागात डोपामाइन फारच थोडे उरलेले दिसले. डोपामाइन गोळीने देऊन उपयोग नाही, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जो अडसर आहे तो ओलांडून ते आत जात नाही. डोपा मात्र जाते. १९६७ साली जॉर्ज कोत्झियास यांनी डोपाची मात्रा हळूहळू वाढवीत नेऊन रुग्णांना चालते बोलते केले. वाचकांना गंमत वाटेल, हाच डोपा आपल्याकडील खाजकुइलीच्या बियांत असल्याचे मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ सालीच दाखविले होते. एका भारतीय मुळाने डोपामाइनचा साठा रिता करून रोगाचे मर्म दाखविले, तर त्यावरील औषध दुसऱ्या एका भारतीय वेलीच्या शेंगेत दडलेले होते.

इथवरची कथा ऐकून कोणालाही वाटेल की मनाच्या आजाराचा हिशेब अगदी सोपा आहे. काय कमी आहे ते पाहावे आणि तेवढे भरावे. १९५० च्या दशकात शास्त्रज्ञांनाही तसेच वाटू लागले होते, आणि त्याला दोन सबळ कारणे होती. पहिले असे की, रक्तदाबासाठी रिसर्पीन घेणाऱ्या काही रुग्णांना गाढ औदासीन्य आल्याची वृत्ते १९५४ सालापासून येऊ लागली. दुसरे कारण क्षयाच्या रुग्णालयातून आले. न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात १९५२ साली क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड हे नवे औषध दिले जात होते. तेथील खंगलेले रुग्ण उत्साहाने वागू लागले. हे औषध त्या पाचकद्रव्याला रोखते, म्हणून मेंदूत संदेशवाहक रसायने अधिक उरतात, असे आढळले. १९५७ साली याच औषधाचा विषण्णतेवरील उपयोग क्लाइन यांनी प्रसिद्ध केला. रसायन कमी झाले की खिन्नता, वाढले की उत्साह. सूत्र तयार झाले आणि ते वर्तमानपत्रांतून, दवाखान्यांतून व जाहिरातींतून पुढे कित्येक वर्षे फिरत राहिले.

परंतु सूत्राला प्रारंभापासूनच तडे होते. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातील डेव्हिस आणि शेपर्ड यांनी १९५५ साली चिंता व विषण्णता यांनी ग्रासलेल्या बाह्यरुग्णांना रिसर्पीन दिले, तेव्हा ते बिघडण्याऐवजी त्यांतील बऱ्याच जणांना त्याने बरे वाटले. रिसर्पीन घेणाऱ्या बहुसंख्य लोकांना औदासीन्य आले नव्हते, हे जुन्या वृत्तांची नव्याने छाननी केल्यावर स्पष्ट झाले. सशांचा प्रयोगही हेच सांगत होता. साठा तीन रसायनांचा रिता झालेला, परंतु हालचाल परत आली ती एकाच्या भरपाईने. २०२२ साली अनेक संशोधनांचा एकत्रित आढावा घेणारा एक लेख प्रसिद्ध झाला, त्यातही विषण्णतेचे कारण सिरोटोनिनची कमतरता असल्याचा सुसंगत पुरावा आढळला नाही.

याचा अर्थ त्या गोळ्या कुचकामी आहेत असा काढणे ही दुसरी चूक होय. ताप उतरविणारी गोळी लागू पडते म्हणून शरीरात त्या गोळीची कमतरता होती असे कोणी म्हणत नाही, आणि कमतरता नव्हती म्हणून ती गोळी कोणी फेकूनही देत नाही. २०१८ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्ण यांचा एकत्र विचार करणारे संशोधन प्रसिद्ध झाले. त्यात तपासलेली २१ही औषधे औषधाविना बनविलेल्या गोळीपेक्षा अधिक गुणकारी ठरली. हा गुण सरासरीने माफक आहे. काहींना तो फार, काहींना थोडा, तर काहींना मुळीच येत नाही. गोळी म्हणजे जादू नव्हे, परंतु ती फसवणूकही नव्हे.

आज विषण्णतेसाठी जी औषधे सर्वांत अधिक लिहून दिली जातात, त्यांचे काम रिसर्पीनच्या उलट दिशेचे आहे. फ्लुओक्सेटीन हे त्यांतील सर्वपरिचित नाव. त्याला अमेरिकेत १९८७ साली मान्यता मिळाली. फटीत सोडलेले सिरोटोनिन पेशीने पुन्हा आत ओढून घेऊ नये असा अडथळा ही औषधे निर्माण करतात. त्यामुळे ते फटीत अधिक वेळ राहते. येथे एक गोष्ट प्रत्येक कुटुंबाने ध्यानात घ्यावी. हा अडथळा पहिल्या गोळीनंतर काही तासांतच निर्माण होतो, पण मन उभारी धरण्यास साधारणपणे दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. केवळ रसायन भरून निघण्याचा प्रश्न असता तर पहिल्याच संध्याकाळी फरक पडला असता. उशीर लागतो याचे कारण पेशी नव्या परिस्थितीशी हळूहळू जुळवून घेतात, ग्राहकांची संख्या बदलतात आणि आपसांतील जोडण्या सुधारतात, असे मानले जाते. त्रास मात्र प्रथम येतो. मळमळ, डोके दुखणे, झोप मोडणे, अस्वस्थता ही पहिल्या आठवड्यातील पाहुणी मंडळी असतात आणि बहुधा ती निघून जातात. पण रोग्याला दिसते ते एवढेच की, गुण नाही आणि उपद्रव आहे. याच ठिकाणी औषध सुटते.

डोपामाइनवर काम करणाऱ्या औषधांचे दोन वर्ग आहेत आणि ते परस्परविरोधी आहेत. छिन्नमनस्कतेत, म्हणजे भास, भ्रम आणि संशय यांनी माणूस घेरला जातो त्या आजारात, दिली जाणारी औषधे डोपामाइनच्या ग्राहकांची वाट अडवितात. त्यामुळे कानात बोलणारे आवाज मंदावतात, शेजारी विष घालतो हा संशय हळूहळू सैल होतो. परंतु डोपामाइन हालचालही सांभाळत असल्यामुळे याच औषधाने हात कापू लागतो, चेहरा निर्विकार होतो, पाय एका जागी ठरत नाहीत. घरच्यांना वाटते की रोगच वाढला. डॉक्टरांना हे वेळीच सांगितले तर मात्रा कमी करता येते किंवा औषध बदलता येते. न सांगता औषध बंद केले तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आवाज परत येण्याची भीती असते.

कंपवातात याच्या उलट, डोपामाइनचे कार्य वाढविणारी औषधे दिली जातात. त्यांतून मानवी स्वभावाविषयी एक विलक्षण गोष्ट निदर्शनास आली. २००५ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी कंपवाताचे ११ रुग्ण नोंदविले. डोपामाइनची नक्कल करणारी औषधे घेत असताना या रुग्णांना जुगाराचा अनावर नाद लागला होता. औषध कमी केल्यावर किंवा थांबविल्यावर त्यांतील कित्येकांचा नाद सुटला. असे का व्हावे? स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्स यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांवरून याचा काहीसा उलगडा होतो. माकडाला अनपेक्षितपणे फळाच्या रसाचा थेंब मिळाला की डोपामाइनच्या पेशी जोराने कार्य करीत. पुढे रसापूर्वी नेहमी एक खूण दाखविली जाऊ लागली, तेव्हा त्या पेशी रसाला नव्हे तर खुणेला प्रतिसाद देऊ लागल्या. आणि खूण होऊन रस मिळाला नाही, तर त्यांचे कार्य मंदावे. म्हणजे डोपामाइन हे सुखाचे रसायन नसून, अपेक्षा आणि प्राप्ती यांतील अंतर मोजून मेंदूला धडा देणारे रसायन आहे. जुगारात हेच अंतर क्षणोक्षणी हलत असते. दारू, तंबाखू आणि कोकेन हे पदार्थ याच यंत्रणेला खोटी खूण देतात, म्हणून त्यांची ओढ सुख संपल्यावरही संपत नाही.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. एक, माणसाच्या वागण्याला शरीराचा आधार आहे. औषधाने जुगारी झालेल्या आजोबांना आपण दुर्गुणी म्हणत नाही. मग आजाराने निरुत्साही झालेल्या तरुणाला आळशी म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? दोन, त्या तरुणाचा आजार म्हणजे केवळ एका रसायनाचे मोजमाप नव्हे. तेच औषध घेऊनही एक माणूस शांत होतो, दुसरा खिन्न होतो, तिसऱ्याचा हात कापतो. रसायन सर्वांत सारखे असले तरी मेंदू प्रत्येकाचा निराळा असतो, आणि तो मेंदू एका घरात, एका कामात, काही दुःखांत व काही आधारांत वाढलेला असतो. म्हणूनच औषधाबरोबर समुपदेशन, नियमित झोप, व्यायाम आणि घरातील माणसांचे वागणे यांनाही उपचारात स्थान आहे.

काही धोके स्पष्टपणे सांगितले पाहिजेत. ही औषधे एकाएकी बंद केल्यास चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखे वाटणे असे प्रकार होतात. डॉक्टर ती टप्प्याटप्प्याने उतरवितात. सिरोटोनिन वाढविणारी दोन औषधे एकत्र आली, किंवा त्यांच्या जोडीला ट्रामाडॉलसारखी वेदनाशामक गोळी अथवा खोकल्याची काही औषधे घेतली, तर ताप, थरथर, गोंधळ अशी गंभीर अवस्था येऊ शकते. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या गोळ्यांची नावे लपवू नयेत. २५ वर्षांखालील मुलामुलींत औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत आत्मघाताचे विचार वाढण्याचा संभव असल्याचा इशारा अमेरिकेत औषधांच्या वेष्टनावर छापला जातो. त्या दिवसांत मुलाला एकटे सोडू नये आणि तो काही बोलला तर ते हसण्यावारी नेऊ नये. ज्याला कधी अतिउत्साहाचे झटके आलेले आहेत त्याने तेही डॉक्टरांना सांगितले पाहिजे, कारण विषण्णतेचे औषध त्याला पुन्हा त्या टोकाला नेऊ शकते.

आणि सर्पगंधा? ती देशी आहे, शेतात पिकते, म्हणून निरुपद्रवी आहे, असे समजून तिचे चूर्ण बाजारातून आणून घेणे हा धोकाच होय. मुळातील द्रव्याचे प्रमाण झाडागणिक व हंगामागणिक बदलते. तिने नाडी मंदावते, नाक चोंदते, आणि पोटात व्रण असलेल्यास किंवा पूर्वी औदासीन्य येऊन गेलेल्यास ती अपाय करू शकते. रक्तदाबावर आणि मनोविकारांवर अधिक सुरक्षित औषधे आल्यामुळे रिसर्पीनचे पूर्वीचे स्थान आता राहिलेले नाही. मात्र तिने शिकविलेला धडा वाया गेला नाही. साठ्याचा तोच पंप अधिक नेमकेपणाने मंद करणारी दोन औषधे २०१७ साली अमेरिकेत मान्य झाली. मनोविकारांवरील औषधे दीर्घकाळ घेतल्यामुळे ज्यांच्या तोंडाच्या व हातापायांच्या हालचाली ताब्यात राहत नाहीत, अशा रुग्णांना ती दिली जातात. एका औषधाने केलेले नुकसान सावरण्यास जुन्या मुळाची युक्ती कामी आली.

इंदुरात बाणगंगा येथे शासकीय मानसिक चिकित्सालय आहे. त्या रस्त्याचे नाव शहरात पुष्कळदा थट्टेसाठीच घेतले जाते. "तुला बाणगंगेला पाठविले पाहिजे" असे म्हणणाऱ्याला त्यात काही वाईट वाटत नाही. परंतु ज्या घरात खरोखरच कोणी आजारी आहे, त्या घराला ते वाक्य ऐकू येते आणि डॉक्टरांकडे जाण्याचा दिवस आणखी महिनाभर पुढे ढकलला जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाच्या रुग्णाला उपचार मिळविण्याचा हक्क दिला आहे. २०२२ सालापासून केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' या सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरविला की घरबसल्या सल्ला मिळतो. कायदा झाला, दूरध्वनी झाला, औषधेही झाली. थट्टा थांबविण्याचे काम तेवढे आपल्याकडे उरले आहे.

शेतकरी सर्पगंधेचे रोप लावतो तेव्हा त्याला ठाऊक असते की या पिकाला दीड वर्ष थांबावे लागेल. मध्येच उपटून पाहिले तर मूळ कोवळे निघते आणि हाती काही लागत नाही. म्हणून तो निंदणी करतो, पाणी देतो आणि वाट पाहतो. ज्याच्या घरात आजारी मन आहे त्याने या शेतकऱ्याकडून एवढा संयम अवश्य शिकावा.